समक्ष : नोटरीची नोंदवही आणि पडद्यावरची साक्ष

न्यायालयाच्या आवाराबाहेर, झाडाच्या सावलीत किंवा झेरॉक्सच्या दुकानाच्या कोपऱ्यात नोटरीचे टेबल असते. टेबलावर शाईचे पॅड, चार-पाच रबरी शिक्के, नोटरी तिकिटे, कागदावर उठावाची मोहोर दाबणारे लोखंडी यंत्र आणि एका बाजूला कापडी पुठ्ठ्याची जाडजूड नोंदवही. जून महिन्यात कॉलेज प्रवेशासाठी ‘गॅप सर्टिफिकेट’ लागणारी मुले येतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुली येतात. वडिलांच्या पश्चात वीजमीटर आपल्या नावावर करून घेणारा मुलगा येतो. प्रतिज्ञापत्र टाइप होते, ‘यांना मी ओळखतो’ म्हणून वकील सही करतात, शिक्के उमटतात. मग कारकून वही वळवून पुढे सरकवतो आणि बोट ठेवून सांगतो, “इथे सही करा.” माणूस सही करतो, कागदाची घडी घालून पिशवीत टाकतो आणि बस गाठायला निघतो. आपण ज्या ओळीत सही केली तिच्यात काय लिहिले होते, हे त्याने पाहिलेले नसते.

त्या माणसाच्या लेखी काम म्हणजे शिक्का. पण शिक्का त्याच्याबरोबर निघून जातो. नोटरीकडे मागे उरते ती वहीतली एक ओळ. दहा वर्षांनी भाऊ-बहिणींत वाद झाला, बँकेने सही नाकारली किंवा कुणी ‘मी त्या दिवशी तिथे नव्हतोच’ असे म्हणाले, तर न्यायालयाला विचारण्यासारखा साक्षीदार ती ओळच असते. नोटरीच्या व्यवसायावर बोलताना फीवर, नेमणुकांवर, ओळखीपाळखीवर खूप बोलले जाते. नोंदवहीवर फार कमी. आणि आता, जगातल्या अनेक ठिकाणी नोटरीचे काम व्हिडिओच्या पडद्यावर होऊ लागले असताना, या वहीचा विचार टाळून पुढे जाता येणार नाही. या लेखाचा विषय हाच आहे : नोटरीने काय नोंदवावे, किती काळ जपावे, आणि समोरचा माणूस प्रत्यक्ष समोर नसेल तेव्हा या नोंदीचे काय होते.

‘समोर असणे’ ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा गोतसभेपुढे निवडला गेला की महजर लिहिला जाई. महजर आणि हजर हे शब्द एकाच अरबी धातूतले. जे हजर होते त्यांच्या साक्षीने झालेला तो कागद. हजर असलेल्यांची नावे त्यात ओळीने येत आणि नावापुढे निशाण्या असत : पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची दौत-लेखणी, बलुतेदारांची आपापल्या धंद्याची हत्यारे. लिहिता न येणाऱ्या माणसाची हजेरीही कागदावर राहिली पाहिजे, हे त्या काळच्या लोकांना नेमके कळले होते.

ही काळजी सुटली तेव्हा काय झाले, हेही महाराष्ट्राने पाहिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात नोंदले गेले. त्या उठावात लोकांचा रोख कागदांवर होता. कर्जरोखे आणि गहाणखते बाहेर काढून जाळली गेली. न वाचलेल्या, न समजलेल्या कागदांवर आपल्या निशाण्या घेतल्या गेल्या आहेत, ही तक्रार त्यामागे होती. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला आणि त्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी ग्राम-निबंधक ही यंत्रणा उभी केली. शेतकऱ्याने लिहून द्यायचा दस्त या निबंधकासमोर व्हायचा, तो त्याने स्वतः लिहायचा किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिला जायचा, लिहून देणाऱ्याची ओळख त्याने पटवून घ्यायची आणि दस्ताची नोंद त्याच्या दप्तरी राहायची. आज ज्याला आपण नोटरीचे कर्तव्य म्हणतो, ते जवळजवळ सगळे या तरतुदींत आहे. जाळलेल्या कागदांच्या राखेतून ती तयार झाली, हे विसरण्यासारखे नाही.

नोटरी हे पद मात्र विलायतेहून आले. भारतात नोटरी म्हणून काम करणाऱ्या कित्येकांना इंग्लंडमधील ‘मास्टर ऑफ द फॅकल्टीज’ या, कँटरबरीच्या आर्चबिशपशी जोडलेल्या कार्यालयाकडून अधिकार मिळत असे. दुसरी वाट १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टची होती. त्याच्या कलम १३८ नुसार सरकार नोटरी नेमू शके. आज ‘एकशे अडतीस’ म्हटले की चेक न वटल्याचा खटला आठवतो. पण तो आकडा मुळात नोटरींचा होता. १९५२ च्या नोटरी अधिनियमाने तो रिकामा केला आणि १ एप्रिल १९८९ पासून चेकवाल्यांनी तो भरला.

स्वतंत्र देशातील नोटरीची नेमणूक इंग्लंडमधील धर्मपीठाच्या कार्यालयाने करावी, हे प्रजासत्ताकाला शोभणारे नव्हते. म्हणून १९५२ चा अधिनियम आला, तो १४ फेब्रुवारी १९५६ पासून लागू झाला आणि त्याच वर्षी नियम झाले. नोटरी होण्यासाठी साधारणपणे १० वर्षांची वकिली हवी. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी ७ वर्षांची. दस्ताचे साक्षांकन, शपथ देणे, प्रतिज्ञापत्र घेणे, हुंडी किंवा विनिमयपत्र न स्वीकारल्याची नोंद करणे, भाषांतर करून ते पडताळणे, अशी कामांची यादी कलम ८ मध्ये आहे. जहाजाच्या भाडेकराराचा उल्लेखही तिथे आहे. मुंबईसारख्या बंदराच्या शहरात त्याला एके काळी मोठा अर्थ होता.

नोंदवहीचे नियम १९५६ च्या नियमावलीत आहेत आणि ते वाचताना नियम करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता असे जाणवते. वही विहित नमुन्यातच हवी. ती वापरात आणण्याआधी तिच्यात किती पाने आहेत याचा दाखला नोटरीने पहिल्या पानावर सही-तारखेनिशी लिहायचा. का? पान फाडता येऊ नये म्हणून, आणि मागाहून घालता येऊ नये म्हणून. जिल्हा न्यायाधीश किंवा शासनाने नेमलेला अधिकारी ही वही तपासू शकतो. घेतलेल्या फीची पावती द्यायची आणि फीचीही वही ठेवायची. दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मागील वर्षाच्या कामाचे विवरण सादर करायचे. शिक्का गोल, पाच सेंटिमीटर व्यासाचा. त्यावर नोटरीचे नाव, त्याचे कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि कोणत्या सरकारने नेमले ते.

हे सगळे पाळणारे नोटरी आहेत, आणि ते कमी नाहीत. सकाळी पहिल्या अशिलाआधी वही उघडून तारीख टाकणारे, आधारकार्डावरचा फोटो चेहऱ्याशी ताडून पाहणारे, म्हातारीला कागद मराठीत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा न घेणारे. त्यांचे काम संथ असते, म्हणून रांगेतली माणसे कुरकुरतात. पण या व्यवसायाची अब्रू टिकून आहे ती याच माणसांमुळे.

दुसरी बाजूही न्यायालयांच्या आवारात सगळ्यांना माहीत आहे. वहीत मधल्या ओळी कोऱ्या ठेवल्या जातात, म्हणजे मागच्या तारखेचा कागद आला की जागा तयार असते. सही करणारा घरी, कागद त्याच्या मेहुण्याच्या हातात, आणि शिक्क्याखाली ‘माझ्यासमोर’ हे शब्द. वहीत सही असायला हवी तिथे कारकुनाने ओढलेली रेघ. यातला प्रत्येक प्रकार किरकोळ वाटतो, कारण गॅस जोडणीच्या प्रतिज्ञापत्रावर कुणी भांडत नाही. पण त्याच वहीत, त्याच पानावर, पुढच्या ओळीत एखाद्या वृद्धाने पुतण्याला दिलेले कुलमुखत्यारपत्र असते. एका ओळीवरचा विश्वास गेला की पानावरचा जातो.

नोटरीवर फौजदारी कारवाई करणे कायद्याने सोपे ठेवलेले नाही. नोटरी म्हणून केलेल्या कृत्याबद्दलच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाला घ्यायची असेल, तर सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते, असे कलम १३ सांगते. हे संरक्षण योग्यच आहे. नाहीतर हरलेला प्रत्येक पक्षकार नोटरीला ओढत नेईल. पण ज्याला असे संरक्षण आहे त्याची वही तितकीच निर्मळ हवी, ही अपेक्षाही मग रास्त ठरते.

लोकांचा शिक्क्यावर इतका भाबडा विश्वास आहे की नोटरीच्या हाती नसलेल्या गोष्टीही त्याच्याकडून करून घेतल्या जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या विधी व्यवहार विभागाला लेखी बजावावे लागले, की नोटरी हा विवाह अधिकारी नाही. विवाहाची किंवा घटस्फोटाची प्रतिज्ञापत्रे करून देणे हे त्याचे काम नाही. घरभाड्याचेही तसेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तरीही ‘आधी नोटरी करून घेऊ, नोंदणी नंतर पाहू’ असे म्हणत राहणारी घरे पुण्या-मुंबईत आजही सापडतात. नोटरीच्या शिक्क्याने अनोंदणीकृत करार नोंदणीकृत होत नाही. तो फक्त एवढेच सांगतो, की अमुक दिवशी अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली. त्यापलीकडे त्याची मजल नाही. पण तेवढे तरी त्याने खरे सांगितले पाहिजे.

खरे सांगण्याची किंमत काय असते, हे १९७० च्या एका निकालात दिसते. जुगराज सिंग विरुद्ध जसवंत सिंग या प्रकरणात कॅलिफोर्नियात केलेली दोन कुलमुखत्यारपत्रे सर्वोच्च न्यायालयापुढे होती. दोन्हींवर तिथल्या नोटरीचा शिक्का होता. पहिल्यात मात्र सही करणारा माणूस तोच आहे याची खात्री नोटरीने करून घेतली, असे कागदावर कुठे दिसत नव्हते. दुसऱ्यात ते स्पष्ट नमूद होते. न्यायालयाने पहिले अपुरे मानले आणि दुसरे ग्राह्य धरले. शिक्का तोच, माणूस तोच, काम तेच. फरक एका वाक्याचा होता. नोटरीपुढे झालेल्या कुलमुखत्यारपत्राबाबत न्यायालय जे गृहीत धरते, ते आधी पुराव्याच्या कायद्याच्या कलम ८५ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ८४ मध्ये आहे. त्या गृहीतकाचा पाया म्हणजे ‘ओळख पटवली’ हे वाक्य.

कॅलिफोर्नियाचे नाव निघालेच आहे, तर तिथली वही पाहण्यासारखी आहे. तिथल्या नोटरीला वही ठेवणे सक्तीचे आहे आणि ती एका वेळी एकच, क्रमवार. कोरी जागा सोडून दुसरी उघडायची सोय नाही. वही कुलपात, नोटरीच्या एकट्याच्या ताब्यात. घराचे खरेदीपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र असेल तर वहीत उजव्या अंगठ्याचा ठसाही लागतो. त्रयस्थ माणसाला एखाद्या नोंदीची प्रत हवी असेल तर त्याने महिना, पक्षकारांची नावे आणि दस्ताचा प्रकार लिहून मागायची, म्हणजे सगळी वही चाळता येत नाही. पदावरून दूर झाल्यावर ३० दिवसांत सगळ्या वह्या काउंटीच्या कारकुनाकडे जमा. आपल्याकडे आयुष्यभर नोटरीचे काम केलेल्या वकिलाच्या पश्चात त्याच्या वह्या कुठे जातात, हा प्रश्न इथल्या प्रत्येक वकील संघटनेने स्वतःला विचारावा. माळ्यावर वाळवी खात असलेली वही ही कुणाच्या तरी घराच्या हक्काचा पुरावा असू शकते.

अमेरिकेने सगळे बरोबर केले असे मुळीच नाही. २०१० मध्ये तिथे घरकर्जांच्या जप्त्यांचा महापूर होता आणि त्या गर्दीत ‘रोबो-सायनिंग’ उघडकीला आले. एका कर्ज कंपनीच्या कर्मचाऱ्याने जबानीत सांगितले, की तो महिन्याला सुमारे १०,००० कागदांवर सह्या करत असे. कागद वाचले जात नव्हते. नोटरी त्याच्यासमोर नसे. शिक्के मागाहून, गठ्ठ्याने उठत. त्या प्रतिज्ञापत्रांच्या बळावर माणसांची घरे जात होती. त्याच वर्षी एका राज्यातील नोटरीचे काम दुसऱ्या राज्यांनी मान्य करावे असे विधेयक अमेरिकी काँग्रेसने मंजूर केले होते. जप्त्यांच्या या गदारोळात, ऑक्टोबरमध्ये, राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी ते अडवले. या गैरप्रकारांवरून २०१२ मध्ये पाच मोठ्या बँकांनी ४९ राज्यांशी आणि केंद्र सरकारशी २५ अब्ज डॉलरची तडजोड केली. ही कथा नोटरींच्या संदर्भात सांगायची ती यासाठी, की तिथे नोटरी आणि सही करणारा एकाच इमारतीत असूनही कुणी कुणासमोर नव्हते. माणूस प्रत्यक्ष हजर असण्याचा नियम होता. पाळला गेला नाही, आणि नोंदींअभावी ते वर्षानुवर्षे कळलेही नाही.

व्हर्जिनिया राज्याने २०११ मध्ये कायदा करून १ जुलै २०१२ पासून व्हिडिओवरून नोटरीकाम सुरू केले, तेव्हा या प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. सही करणारा जगात कुठेही असो, नोटरी व्हर्जिनियात असला म्हणजे झाले. बदल्यात नोंद वाढली : संपूर्ण भेटीचे चित्रण करायचे आणि ते जपून ठेवायचे. व्हर्जिनिया आणि टेक्सासमध्ये ५ वर्षे, फ्लोरिडा आणि न्यूयॉर्कमध्ये १०. टेबलावरच्या वहीत एक ओळ उरायची, इथे चेहरा, आवाज, अडखळणे, मागून कुणी उत्तर सुचवत असेल तर तेही उरते. या अर्थाने पडद्यावरची साक्ष ही कमी दर्जाची साक्ष नव्हे. नियम नीट असतील तर ती टेबलावरच्या घाईतल्या साक्षीपेक्षा भरवशाची ठरू शकते.

बहुतेक राज्ये मात्र संथ होती. त्यांना हलवले ते कोरोनाने. १९ मार्च २०२० रोजी न्यूयॉर्कच्या राज्यपालांनी कार्यकारी आदेश २०२.७ काढून तात्पुरते व्हिडिओवर काम करायला मुभा दिली. माणूस त्या वेळी न्यूयॉर्क राज्यातच असला पाहिजे आणि सही केलेला कागद त्याच दिवशी नोटरीकडे पाठवला पाहिजे, अशा अटी होत्या. रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला मृत्युपत्र करायचे आहे, आणि जवळ कुणाला जाता येत नाही, अशा दिवसांतला तो आदेश. पुढे कायमचा कायदा झाला. ३१ जानेवारी २०२३ पासून न्यूयॉर्कमध्ये इलेक्ट्रॉनिक नोटरी वेगळी नोंदणी करून काम करतात. साध्या सहीला दोन डॉलर फी असणाऱ्या राज्यात या कामाला २५ डॉलरपर्यंत फी आहे. त्याच वेळी आलेल्या नियमांनी आणखी एक गोष्ट केली, जिची चर्चा कमी झाली : टेबलावर काम करणाऱ्या साध्या नोटरीलाही १० वर्षे नोंदी जपणे बंधनकारक केले. तारीख, वेळ, कामाचा प्रकार, माणसाचे नाव-पत्ता, ओळख कशावरून पटवली; आणि काम पडद्यावर झाले असेल तर कोणत्या तंत्राने. दूरस्थ सेवेचे दार उघडताना वहीचा नियम आधी घट्ट करावा, हा शहाणपणा त्यात आहे. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा केला, पण पूर्ण अंमलासाठी १ जानेवारी २०३० पर्यंतची मुदत ठेवली. घाई नाही.

आता हे सगळे मराठी घरांपर्यंत कसे येते ते पाहू. न्यू जर्सीत राहणारी मुलगी, कोथरूडमधला आईचा फ्लॅट विकायचा, आणि पुण्यातल्या मामांना कुलमुखत्यारपत्र द्यायचे. नोंदणी अधिनियमाच्या कलम ३३ प्रमाणे परदेशातील माणसाने ते तिथल्या नोटरीसमोर, न्यायालयासमोर किंवा भारतीय वाणिज्य दूतासमोर करायचे असते. मुलगी रजा काढून वकिलातीत जाते, किंवा जवळच्या नोटरीकडे करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा यासाठीचा सरकारी दाखला, घेते. १९६१ च्या हेग करारात भारत सामील असून तो आपल्याकडे १४ जुलै २००५ पासून लागू आहे, त्यामुळे ही वाट खुली आहे. कागद पुण्यात पोहोचला की तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचे मुद्रांक शुल्क भरायचे. मामा हे सगळे करून दुय्यम निबंधकाकडे जातात, आणि तिथे पहिला प्रश्न येतो : ही सही नोटरीसमोर प्रत्यक्ष झाली की ऑनलाइन? व्हिडिओवर झालेल्या साक्षांकनाबद्दल आपल्या कायद्यात शब्दही नसल्याने टेबलापलीकडचा अधिकारी बिचकतो, आणि त्याला दोष देता येत नाही. दाराशी नोटरी असताना मुलीने पडद्यावरचा मार्ग न घेतलेला बरा.

पडद्यावर अडचण उलट बाजूनेही येते. नातवंडांना भेटायला सहा महिन्यांसाठी गेलेल्या आजी-आजोबांना तिथून ऑनलाइन नोटरी करायचे ठरले, तर यंत्रणा त्यांची परीक्षा घेते. टेक्सासच्या नियमांत किमान पाच प्रश्न, दोन मिनिटे, आणि ८० टक्के उत्तरे बरोबर. हे प्रश्न माणसाच्या अमेरिकेतील जुन्या पत्त्यांवरून, कर्जांवरून, गाड्यांवरून काढलेले असतात. ज्यांचे सारे आयुष्य सांगली-साताऱ्यात गेले, त्यांच्याविषयी त्या यंत्रणेला विचारण्यासारखे काही नसते. ओळख पटवण्याचे तंत्र कुणासाठी बनवले गेले, हे त्यातून दिसते. भारताने उद्या स्वतःचे तंत्र उभारले तर त्यात बोटांचे ठसे झिजलेल्या शेतमजूर बाईची सोय आहे का, हे आधी पाहावे लागेल.

भारतात आज कायदा कुठे उभा आहे? १९५२ च्या अधिनियमात व्हिडिओवरून साक्षांकनाची तरतूद नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० ची पहिली अनुसूची मृत्युपत्र, न्यास आणि कुलमुखत्यारपत्र यांना इलेक्ट्रॉनिक व्यवहारांच्या बाहेर ठेवते. २०२२ च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेसारख्या नियामकांच्या देखरेखीतील वित्तसंस्थांना दिलेल्या कुलमुखत्यारपत्रापुरते दार किलकिले झाले, आणि स्थावराच्या विक्री कराराची नोंद त्या यादीतून वगळली गेली. दुसरी अडचण कार्यक्षेत्राची. नोटरीच्या प्रमाणपत्रात त्याचे क्षेत्र लिहिलेले असते. नोटरी बारामतीत, सही करणारा बंगळुरूत. मग काम झाले कुठे? अमेरिकेतील राज्यांनी याचे साधे उत्तर ठरवले : नोटरी जिथे बसला असेल तिथे. आपल्याकडे हे ठरायचे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने नोटरींसाठी पोर्टल सुरू केले, पण ते अर्ज, नेमणुका, नूतनीकरण अशा कार्यालयीन कामांचे आहे. नोटरीची रोजची वही अजून कागदीच आहे.

विशेष असे की महाराष्ट्राला या वाटेवरचा अनुभव आहे. लिव्ह अँड लायसन्सची ई-नोंदणी इथे अनेक वर्षे चालू आहे. एजंट लॅपटॉप, वेब कॅमेरा आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो. मालक, भाडेकरू आणि साक्षीदार यांचे फोटो निघतात, आधारशी ठसे ताडले जातात, आणि दस्त नोंदवला जातो. दुय्यम निबंधक समोर नसतो. रोज असे कितीतरी करार होतात आणि जग बुडालेले नाही. नोटरींच्या दूरस्थ सेवेबद्दल बोलताना हे उदाहरण पुढे ठेवायला हवे. फरक इतकाच, की भाडेकराराची मुदत संपते आणि कुलमुखत्यारपत्राने घर जाऊ शकते. म्हणून नियम तितके कडक हवेत.

शेजारी गोव्यात तर नोटरीची कल्पनाच निराळी आहे. पोर्तुगीज काळापासून तिथे नोटरी दस्त स्वतःच्या पुस्तकात लिहितो. पक्षकाराला मिळते ती प्रमाणित प्रत. गोव्याच्या २०१२ च्या वारसा आणि विशेष नोटरीविषयक अधिनियमाने, जो २२ डिसेंबर २०१६ पासून लागू आहे, ही परंपरा चालू ठेवली. मृत्युपत्र असो वा वारसांची घोषणा, ती विशेष नोटरीच्या पुस्तकात राहते आणि हा विशेष नोटरी शासनाचा अधिकारी असतो. मूळ कागद हरवला, उंदराने कुरतडला, कुणी लपवला, तरी पुस्तक जागेवर. सिंधुदुर्गातला माणूस पणजीत मामाच्या वारसाहक्कासाठी जातो तेव्हा हा फरक त्याला पहिल्यांदा कळतो : सावंतवाडीत नोटरीकडे नोंदीची ओळ असते, गोव्यात सबंध दस्त असतो.

भारतात दूरस्थ नोटरीकाम येईल, आणि यावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला, मुलाच्या नोकरीपायी परदेशात अडकलेल्या आईला, गडचिरोलीच्या आतल्या गावातून तालुक्याला जायला दिवस घालवणाऱ्याला त्याची गरज आहे. पण क्रम चुकता कामा नये. आधी वही : सलग क्रमांक, कोरी ओळ नाही, ओळख कशावरून पटवली याचा रकाना, कुलमुखत्यारपत्र आणि मालमत्तेच्या कागदाला अंगठा, आणि नोटरीच्या पश्चात वही कुठे जमा करायची याचा स्पष्ट नियम. मग कॅमेरा. चित्रण किती वर्षे जपायचे, कुणाच्या यंत्रावर जपायचे आणि त्यातला आधार क्रमांक, घरातली खोली, आजारी माणसाचा चेहरा कुणाला पाहता येईल, हेही त्याच नियमांत लिहिलेले हवे; वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आता आहेच. ज्या टेबलावर मधल्या ओळी कोऱ्या राहतात, त्या टेबलावर कॅमेरा ठेवून काही सुधारणार नाही.

नियम दिल्लीत होतील तेव्हा होतील. वाचकाच्या हातात मात्र आजही थोडे आहे. पुढच्या वेळी नोटरीकडे गेलात की स्वतः जा; कागद भावाबरोबर पाठवू नका. कारकून वही पुढे सरकवेल तेव्हा सही करण्याआधी आपली ओळ वाचा. तारीख आजची आहे ना, नाव बरोबर आहे ना, दस्ताचा प्रकार लिहिला आहे ना आणि वरची ओळ कोरी नाही ना, एवढे पाहा. अनुक्रमांक आपल्या कागदावर टिपून घ्या. आणि फीची पावती मागा. नियमाप्रमाणे ती द्यावीच लागते.